पावणेपाच फूट

उचगावच्या रस्त्याला ते दुकान, सगळं काचेचं.
आत पाय ठेवला की आपलाच चेहरा
खालून वर बघायला लागतो.
पोरगा म्हणाला, मॅडम, सध्या हीच चालते,
ग्लॉसी, चार बाय दोन, सांधे कमी, हॉल मोठा दिसतो.
आमचा हॉल दहा बाय बारा.
मोठा दिसून जाणार कुठं?

पर्समधली बाटली काढली,
फरशीवर पाणी ओतलं, चप्पल सोडली
आणि ओल्या पायानं उभी राहिले.
ह्यांनी मान फिरवली, ओळख नसल्यासारखी.
टाच सरकली.
सासूबाईंचा खुबा आठवला,
न्हाणीतला तो आवाज, आणि नंतरची शांतता.
ही नको, म्हटलं. खरबरीत दाखव.
तिच्यात मळ बसतो म्हणे.
बसू दे. मळ घासता येतो.

मग रंग. दुकानात सतरा दिवे,
त्यांच्याखाली सगळंच साजूक तुपासारखं.
एक फरशी उचलून मी बाहेर उन्हात आणली,
शेजारच्या रसवंतीचे घुंगरू वाजत होते तिथं,
तर ती आयव्हरी दिसली
काविळीतून उठल्यागत.
दुसरी आणली. तिसरी आणली.
चौथी करडी,
थंड झालेल्या आव्याच्या राखेची.
तिच्यावर मी बोटानं टकटक केलं.
सवय आहे. आमची कुंभार गल्ली.
मामंजी माठ असाच वाजवून द्यायचे,
कान लावून, गिऱ्हाइकाकडं न बघता.
फरशी खणखणीत बोलली.
मातीच ही,
परत माती व्हायचं विसरलेली.

त्या ऑगस्टात आमच्या शेडमध्ये
शाडूचे दोनशे दहा गणपती होते,
निम्म्यांचे डोळे आखायचे राहिलेले.
पाणी रात्री आलं, गटारातून वर,
पाहुण्यासारखं उंबऱ्याशी जरा थांबलं, मग शिरलं.
सहा दिवसांनी दार ढकललं
तर पाटावर पाट, आणि पाटांवर चिखल.
काही सोंडा तेवढ्या ओळखू येत होत्या.
मामंजींनी त्यात हात घातला. म्हणाले,
माती चांगली आहे, वाया नाही जायची.
पण चाळायला काही घेतली नाही.

भिंतीवर रेघ राहिली.
तीनदा रंग दिला, तीनदा ती वर आली,
चहाच्या कपात राहते तशी.

भिंतीला किती धरू? पोरगा विचारतो.
ओट्याच्या वर दोन फूट, सगळ्यांना पुरतं.
मी म्हटलं, हॉल, स्वयंपाकघर, आतली खोली,
चारी भिंती, साडेपाच फूट.
तो हसला. मॅडम, दवाखान्यासारखं दिसेल घर.
बाबालाल मिस्त्री मघापासून
तंबाखू मळत उभा होता.
म्हणाला, लिही तू. शाहूपुरीतलं घर हाय.
पोरानं लिहिलं.

आता काम सुरू आहे. चक्रीचा आवाज,
भाकरीत धूळ, देव शेजाऱ्यांकडं.
बाबालाल ओळंबा सोडतो, एक डोळा मिटतो,
लाकडी हातोडीनं हळूच ठोकतो
जणू आत कुणी झोपलंय.
काल दुपारी चहा घेऊन गेले
आणि बघतच राहिले :
तळाला तीन इंचांची पट्टी,
तिच्यावर अठरा इंची तीन थर,
मग सांधा,
आणि सांध्यावर अर्धी फरशी.
मी मनातल्या मनात बेरीज केली.
दोनदा केली.
पावणेपाच फूट.
मुद्दाम का ओ? विचारलं.
त्यानं बशीतल्या चहावर फुंकर मारली.
सांधा कुठंतरी यायचाच की, वहिनी.

जाताना म्हणाला, एक पेटी जादा आणलीय,
फुटली-बिटली तर असू द्या,
ही शेड परत मिळायची नाही.
ह्यांनी ती पलंगाखाली सरकवली.
संध्याकाळी मी ओढून काढली,
शिडी लावली,
आणि माळ्यावर चढवली.